अकरा गाठी

मनुष्य आणि पक्षी यांचं नातं अतिप्राचीन आहे, असं वनखात्याचे साहेब म्हणाले. त्या तळ्यावर मात्र ते एका सोमवारी सव्वाअकराला सुरू झालं, कारण त्याआधी जीपचं चाक पंक्चर होतं.

सभा पंपघराच्या ओट्यावर होती. तळ्यातलं पानकणीस कापून, त्याच्या चटया विणून पोट भरणारी सात घरं होती. सातही घरांतून माणसं आली होती. शिवाय ज्यांना काही काम नव्हतं तेही आले होते, त्यामुळे सभा भरल्यासारखी दिसत होती. साहेबांनी प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक चित्र वर धरलं. तपकिरी अंगाचा, लांब मानेचा एक पक्षी पात्यांमध्ये चोच आभाळाकडे करून उभा होता.

"हा तापस," साहेब म्हणाले. "अख्ख्या प्रदेशात याची घरटी आता तीनच ठिकाणी उरली आहेत. त्यातलं एक तुमचं. आपल्याकडे काय आहे, याची कल्पना तरी आहे का तुम्हाला?"

"हा तर आमचा मास्तर," मागून कुणीतरी म्हणालं. "दिवसभर मान वर करून उभा. काम करताना कुणी बघितला नाही, पण बोलायची सोय नाही."

लोक हसले. शाळेचे खरे मास्तर सभेला आलेले होते, त्यांनी घड्याळात पाहिलं. साहेबांनी वहीत स्थानिक नावाची नोंद केली.

"आणि याची घरटी नेमकी कुठं आहेत, हे कोण सांगेल?"

सगळ्या माना थोरल्याकडे वळल्या.

थोरला म्हणजे दोघा भावांतला थोरला. त्याला नाव होतं, पण मतदारयादीबाहेर ते कुणी वापरत नसे. वय पंचावन्न, त्यातली चाळीस वर्षं पाण्यात गेलेली. कमरेखालचा थोरला पांढुरका, सुरकुतलेला, पायाच्या बोटांच्या बेचक्या कायमच्या कुजलेल्या; कमरेवरचा थोरला काळाकुळकुळीत आणि वाळलेला. दोन निराळ्या माणसांचे उरलेले भाग कुणीतरी घाईनं जोडल्यासारखे वाटायचे. त्याच्या शेजारी धाकटा बसला होता. अडतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. दहावीपर्यंत शिकलेला, त्यामुळे पाण्यात उतरायला त्याला कमीपणा वाटे, आणि पाण्याबाहेर त्याला कुणी विचारत नसे.

"घरटी काय, कापताना दिसतात," थोरला म्हणाला. "दिसली की गाठ मारायची."

"कसली गाठ?"

थोरल्यानं हवेतच तीन पाती धरून दाखवली. कापणारा माणूस तराफा ढकलत पुढं जातो. घरटं दिसलं, की पाच हात अलीकडे तीन पाती एकत्र घ्यायची, मुरडायची, शेंड्याशी गाठ मारायची आणि तराफा वळवायचा. मागून येणाऱ्याला गाठ दिसली, की तोही वळतो. तेवढं बेट कापायचं नाही. हे कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नव्हतं, आणि ते मोडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. यामागं भूतदया असावी, असं साहेबांना वाटलं. खरं कारण असं, की पिल्लांच्या वासानं साप येतात, आणि कंबरभर पाण्यात दोन्ही हात गुंतलेले असताना सापाला भेटायची कुणाला हौस नव्हती. पण बेट राहायचं, हे खरं.

"विलक्षण!" साहेब म्हणाले. ते ओट्यावरून खाली उतरले आणि त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, एवढंच करून द्या. जितकी घरटी, तितक्या गाठी. तुमच्याच पद्धतीनं. म्हणजे काय जपायचं ते आम्हाला कळेल."

"आणि कापणी?"

"कापणी तुमचीच, काका! तुम्ही आहात म्हणून तळं आहे. हे मी वर लिहून पाठवणार आहे."

मग त्यांनी सांगितलं, की एक पक्षिरक्षक नेमायचा आहे; स्थानिक हवा, लिहितावाचता हवा. वाक्य पुरं व्हायच्या आत धाकट्याचा हात वर गेला होता. त्याला टोपी मिळाली, शिट्टी मिळाली आणि गळ्यात अडकवायची दुर्बीण मिळाली. दुर्बिणीतून त्यानं पहिल्यांदा थोरल्याकडे बघितलं. थोरला दोन हातांवर होता, त्यामुळे काही दिसलं नाही.

घरी थोरल्याची बायको विणायला बसली होती. जमिनीत चार खुंट्या, त्यांवर ताणलेली सुतळी, आणि भिजवलेलं एकेक पातं आडवं सारून ती मुठीनं ठोकत होती. चटईची कड पायाच्या अंगठ्यानं दाबलेली. काम करताना तिची नजर हातावर असायची आणि बोलणं दुसऱ्यावर.

"काय म्हणाला जीपवाला?"

"चांगला माणूस आहे. काका म्हणाला."

"मग झालं. परका काका म्हणाला की घरातली भांडी मोजून ठेवावी, असं माझी आई सांगायची."

"अगं, घरटी दाखवायची फक्त."

"मला नाही दाखवलीत इतक्या वर्षांत."

"तू कधी विचारलंस?"

"मला काही न्यायचं नव्हतं, म्हणून नाही विचारलं."

एवढ्यात धाकटा दारात उभा राहिला. टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. "वहिनी, कशी दिसते?"

"टोपी छान आहे, भावजी."

"आणि मी?"

"तुम्ही टोपीखाली आहात." मग तिलाच वाईट वाटलं असावं. तिनं पातं ठोकलं आणि म्हणाली, "बरं झालं. आता स्थळं तरी येतील."

धाकट्यानं टोपी भिंतीवरच्या खिळ्याला लावली. त्या खिळ्यावर थोरल्याचा विळा असायचा. विळा खाली कोपऱ्यात गेला.

गाठी मारायला तीन दिवस लागले. पाती अजून पिकायची होती. पानकणसाचं तसं असतं; हिरवं कापलं तर चटई वाळताना आक्रसते, जास्त पिकलं तर पातं मोडतं. मधले पाच-सहा आठवडे काय ते माणसाचे. त्यात कापायचं, बांधावर वाळवायचं, भारे करून माळ्यावर चढवायचे, आणि पुढं वर्षभर बायकोनं ते भिजवून विणायचे. ज्या वर्षी हे आठवडे हुकले, ते वर्ष हुकलं.

थोरल्यानं पायांना तेल चोपडलं, वर जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या. तरी पात्यांच्या कडा लागायच्या त्या लागल्या आणि जळवांना पट्ट्यांखालची वाट सापडलीच. धाकटा तराफ्यावर मांडी घालून, वही मांडीवर घेऊन बसला होता. कोरडा.

"दादा, हे कुठलं लिहू?"

"पंपघराच्या ओळीत, बुडालेल्या दगडाच्या उजव्या हाताला."

"उजव्या म्हणजे कुठून बघून?"

"पाण्यातून बघून."

"मी पाण्यात नाहीये, दादा."

"मग डाव्या लिही."

सातव्या घरट्यावर मादी बसलेली होती. तिनं मान ताठ केली, चोच वर केली, आणि वाऱ्यानं पाती हलली तशी तीही जागच्या जागी हलली. थोरल्यानं नजर खाली घेतली. डोळ्याला डोळा भिडला की तिला कळतं. पाण्याकडे बघतच त्यानं चाचपून तीन पाती धरली, मुरडली, गाठ मारली. धाकट्यानं दुर्बीण लावली.

"तिकडं बघू नको," थोरला म्हणाला.

"बघायचाच पगार आहे, दादा."

एकूण अकरा गाठी झाल्या. एखादं घरटं सांगायचं मागं ठेवावं, असं थोरल्याच्या मनातही आलं नाही. खोटी गाठ मारायची नसते. आणि घरटं दिसलं तर गाठ मारायची राहायचीही नसते. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसानं चार ठेवली असती.

पंधरा दिवसांनी कापणी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी थोरला दक्षिणेच्या अंगाला छातीभर पाण्यात होता. विळा पाण्याखाली बुडख्याशी चालला होता. तेव्हा त्याला माणसांचं हसणं ऐकू आलं. एक रुंद बोट पात्यांमधून येत होती. बोटीत सहा माणसं, सगळ्यांचे कपडे पाल्याच्या रंगाचे, जेणेकरून ती दिसू नयेत. आणि सगळी मोठ्यानं बोलत होती. प्रत्येकाच्या हातात कोपरभर लांबीचा कॅमेरा. पुढं टोपी घालून धाकटा उभा.

"ती बघा, चौथी गाठ," धाकटा म्हणाला. "इथून सरळ पाच हात. चुकायचं कामच नाही."

थोरल्यानं तराफा आडवा घातला. "काय रे, गाठ दिसत नाही का?"

"दिसली म्हणून तर आलो, दादा."

"गाठ दिसली की वळायचं असतं."

"ते आपल्यासाठी. ही मंडळी किती लांबून आलीत!"

मंडळींपैकी एकानं नमस्कार केला. दुसरा म्हणाला, की घरट्यासमोरची पाती फोटोत आडवी येतात, पाच-सहाच काढली तर पक्षी मोकळा दिसेल. धाकट्यानं आजूबाजूला पाहिलं. मग खाली वाकून हळूच म्हणाला, "दादा, विळा दे जरा."

थोरल्यानं विळा पाण्याखाली धरला. दिला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. भावाला चारचौघांत नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. शेवटी मंडळींपैकीच एकानं खिशातला चाकू काढला. पाती कापताना त्याच्या बोटाला कड लागली, रक्त आलं, आणि बाकीच्या पाच जणांनी त्याचीच दहा मिनिटं काळजी घेतली.

तो जीपचा दिवस होता. थोरला ओल्या अंगानंच पंपघराकडे गेला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, कारण खुर्ची भिजली असती.

"माणसं घरट्यावर नेतायत, साहेब."

"नेऊ देत, काका. याला जनजागृती म्हणतात. बघितल्याशिवाय लोकांना प्रेम कसं वाटणार?"

"तिला बघितलेलं आवडत नाही."

"कुणाला?"

"मास्तरणीला."

साहेब प्रेमानं हसले. "तुमचं हे ज्ञान कुठंतरी लिहून ठेवायला हवं, काका," ते म्हणाले, आणि त्यांनी पेनला टोपण लावलं.

कापणीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मादीनं घरटं सोडलं आणि मग एकामागून एक सगळी ओस पडली. थोरल्यानं सातव्या गाठीजवळ जाऊन पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो गाठीच्या पलीकडे गेला. घरट्यात चार अंडी होती. त्यानं तळहात ठेवून पाहिला. अंडी पाण्याइतकी गार होती. समोरची पाती पाण्याच्या वर गुडघाभर उंचीवर, चाकूनं तिरकी कापलेली. पानकणीस कापणारा माणूस पातं पाण्याखाली, मुळाशी आणि सरळ कापतो. हे सातही घरांतल्या कुणालाही डोळे मिटून सांगता आलं असतं. पण सांगायला कुणी बोलावलं नाही.

बोलावलं ते ऐकायला. परत पंपघराचा ओटा, परत तीच माणसं. साहेबांचा चेहरा या खेपेला घरात कुणी गेल्यासारखा होता. त्यांनी पंचनामा वाचला. अकराही घरट्यांभोवती पाती कापल्याच्या खुणा आढळल्या. कापणीमुळे प्रजनन हंगाम संपूर्ण वाया गेला. मग त्यांनी दुसरा कागद घेतला आणि तो वाचताना आवाज जरा जड केला.

"'मी, पक्षिरक्षक, लिहून देतो की घरट्यांजवळ कापणी करताना मी एका इसमास स्वतः पाहिले. त्याला घरट्यांच्या सर्व जागा आधीपासून माहीत होत्या. सदर इसम माझा सख्खा भाऊ आहे. तरी कर्तव्य म्हणून लिहून दिले.'" साहेबांनी कागद खाली केला. "सख्ख्या भावाविरुद्ध खरं बोलायला छाती लागते. मला वाटतं, आपण..."

ज्यांना काही काम नव्हतं त्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोरल्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली होती आणि तो तळ्याकडे बघत होता. तळ्यावर काही नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला.

कापणी बंद झाली. फक्त थोरल्याची नाही, सातही घरांची. तराफे काठावर ओढून एका साखळीत अडकवले, आणि बांधावर वाळत पडलेली यंदाची पाती पुरावा म्हणून उचलून नेली. बाकी सहा घरांतली माणसं जाताना थोरल्याजवळून गेली. त्यातला एक, ज्याच्याबरोबर थोरल्यानं वीस हंगाम कापले होते, थांबला.

"तुला गाठी मारायला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला.

"साहेबांनी."

"आणि तू मारल्यास."

"घरटी होती ना तिथं."

"होती," तो म्हणाला, आणि गेला.

घर एकच होतं, चूल एकच होती. संध्याकाळी धाकटा नेहमीप्रमाणे जेवायला आला. थोरल्याच्या बायकोनं त्याला वाढणं बंद केलं नाही. फक्त 'घ्या' म्हणणं बंद केलं.

"दादा," धाकटा ताटात बघत म्हणाला, "त्यांना कुणाचं तरी नाव हवंच होतं. मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणाला घेतलं असतं, आणि त्यानंही तुझंच लिहिलं असतं."

"दुसऱ्यानं लिहिलं असतं तर मला घरी येऊन शिव्या तरी घालता आल्या असत्या."

"दोघांपैकी एकाचं तरी बरं चाललंय ना? सगळ्यांनीच बुडायचं का?"

"तू कधी बुडालास?" थोरल्याची बायको म्हणाली. ती त्याला पहिल्यांदाच अरेतुरे करत होती. "तुझे पाय बघ. सुकलेले."

धाकट्यानं पाय मांडीखाली घेतले.

थोरला सिमेंटच्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागला. पाठीचं काही वाटलं नाही. भाऱ्यांची सवय होतीच. त्रास झाला तो पायांना. चाळीस वर्षं भिजलेले पाय पहिल्यांदा कोरडे राहिले आणि टाचा उभ्या चिरल्या. पांढऱ्या धुळीत त्याच्या पावलांचे लाल ठिपके उमटायचे. गोदामवाला म्हणाला, "म्हातारबा, पोत्यांवर डाग पडू देऊ नका." म्हातारबा त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. माळ्यावर गेल्या वर्षीचे दोन भारे उरले होते, ते त्याच्या बायकोनं आठवडाभर पुरवले. मग घरातली निजायची चटई उसवली आणि तिच्या चांगल्या पात्यांची एक लहान चटई विणली. ती विकली गेली. त्यानंतर चारही खुंट्या मोकळ्या होत्या, आणि ये-जा करताना सगळ्यांना ठेचा लागायच्या. तिनं खुंट्या उपटल्या नाहीत.

बंदीच्या आठव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, कचेरीत अर्ज द्या. अजून पाती उभी आहेत. दोन आठवडे मिळाले तरी वर्ष निघेल."

अर्ज लिहिणारा घरात एकच होता. थोरला कोरा कागद घेऊन धाकट्यासमोर जाऊन उभा राहिला. उभा राहिलेला थोरला आणि बसलेला धाकटा, असं त्या घरात आधी झालं नव्हतं.

धाकट्यानं कागद हातात घेतला नाही. "उपयोग नाही, दादा. आदेश वरचा आहे. हंगाम संपू दे, मग मी स्वतः साहेबांशी बोलतो."

"हंगाम संपल्यावर काय बोलणार?"

"बोलण्यात काय, काहीही बोलता येतं."

अर्ज शेवटी शाळेच्या मास्तरांनी लिहून दिला. त्यात त्यांनी 'कृपावंत' हा शब्द तीनदा घातला. थोरला गोदामाचा खाडा करून कचेरीत गेला, तेव्हा संबंधित कारकून रजेवर होता. पुढच्या आठवड्यात गेला, तेव्हा कारकून होता पण अर्ज सापडत नव्हता. तिसऱ्या खेपेला निघताना त्याची बायको तळ्याच्या काठापर्यंत आली. पानकणीस काठाशी गच्च माजलं होतं आणि तांबूस पडलं होतं. तिनं एक पातं ओढून बोटाभोवती गुंडाळलं. पातं कटकन मोडलं. तिनं दुसरं घेतलं. तेही मोडलं.

"जाऊन या तरी," ती म्हणाली.

कारकुनानं अर्ज वाचला. मग कपाटातून आदेश काढला, तो वाचला. मग परत अर्ज वाचला.

"हा अर्ज कशासाठी केलाय तुम्ही?"

"तळ्यावरची बंदी उठवा म्हणून."

"तळ्यावर बंदी नाहीये."

थोरल्याला आता ऐकून घ्यायची सवय लागली होती. कारकुनानं नकाशा टेबलावर पसरला, दोन्ही कडांवर दौतीसारखी जड वजनं ठेवली आणि बोट टेकवलं. "हे तुमचं तळं. गट नंबर एकशे नव्वद. आदेश निघालाय तो दोनशे सातवर. आता तो नंबर कसा पडला, ते मला विचारू नका, मी फक्त टाइप करतो. पण तळ्यात कापणी करायला तुम्हाला कुणाचीच हरकत नव्हती. कधीच."

"तराफे साखळीत बांधलेत."

"ते कुणी बांधले, कचेरीला माहिती नाही." कारकून जरा थांबला. "आणि हे मी एकदा सांगितलंय की. तुमच्याच घरचे ना ते, टोपीवाले? कापणी बंद झाल्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी आले होते. त्यांनी इथंच उभं राहून हा नकाशा बघितला. मी म्हटलं, चूक आहे, लगेच कळवतो वर. तर म्हणाले, राहू दे, एवढा हंगाम जाऊ दे. मला वाटलं, तुम्हाला विचारूनच म्हणत असतील. भाऊ आहे म्हणाले."

थोरल्यानं टेबलाची कड धरली होती. ती सोडली. चिरलेल्या टाचेवरून भार काढून त्यानं दुसऱ्या पायावर घेतला.

"दोनशे सातमध्ये काय आहे?" त्यानं विचारलं.

कारकुनानं नकाशावर वाकून वाचलं. "पिठाची गिरणी."

येताना थोरला त्या रस्त्यानं आला. गिरणी चालू होती.